चालू लाइनचे पैसे वेगळे

आमच्याकडे पाहुणे आले की एक ठरलेला प्रकार घडतो. चहा-पोहे होतात, गावच्या जमिनीचा विषय निघतो, मग पाहुण्यांपैकी कोणीतरी बाथरूमच्या दिशेने उठतं, दोन पावलं जातं आणि थबकतं. कान देऊन ऐकतं आणि परत येऊन बसतं. "आत कोणीतरी आहे वाटतं." आत कोणी नसतं. घरातली सगळी माणसं त्यांच्यासमोरच बसलेली असतात. पण आवाज स्पष्ट असतो. आधी गुडगुड, मग घुर्रर्र, आणि शेवटी फ्लशची साखळी ओढून कोणीतरी मोकळं झाल्याचा खळखळाट. तो ऐकून पाहुणा आशेने पुन्हा उठतो, तोच आतला अदृश्य इसम नव्याने सुरू होतो. आमचे साडू फार संकोची. त्यांनी एकदा सोफ्यावर मांड्या बदलत अख्खी संध्याकाळ काढली आणि निघताना चपला घालता घालता बायकोला हळूच विचारलं, "तुमच्याकडे कोणाला पोटाचा काही त्रास आहे का?"

तो त्रास माझ्या मत्स्यालयाला आहे.

मत्स्यालय साधंसुधं नाही, खाऱ्या पाण्याचं आहे. गोड्या पाण्यात मासे पाळणारा माणूस मासे पाळतो. खाऱ्या पाण्यात मासे पाळणारा माणूस पाइप पाळतो, मासे त्या पाइपांच्या निमित्ताने येतात. हॉलमधली टाकी दिसायला सुबक. १२० सेंटिमीटर लांब, ५० रुंद, आत प्रवाळ, खडक, दोन क्लाउनफिश, एक कोळंबी आणि काही गोगलगायी. हे झालं व्यासपीठ. खरा कारभार खालच्या कपाटात. वरच्या टाकीतलं पाणी कोपऱ्यातल्या काचेच्या खणात सांडतं, तिथून पाइपाने कपाटातल्या दुसऱ्या टाकीत उतरतं. तिला सम्प म्हणतात. सम्पमध्ये प्रोटीन स्किमर नावाचं नळकांडं असतं. ते पाण्यात अगदी बारीक बुडबुडे सोडतं, त्या बुडबुड्यांना पाण्यातला मळ चिकटतो आणि फेसाबरोबर वर चढून एका कपात साठतो. त्या कपाच्या वासाबद्दल मी इथे काही लिहिणार नाही, कारण हा लेख बायको वाचणार आहे. मग ते पाणी चिलरमधून गार होऊन पंपाने पुन्हा वर. हे चक्र रात्रंदिवस, दिवाळीला, ग्रहणाला, घरात सुतक असलं तरी चालू. बंद ठेवायची सोय नाही.

हा छंद मला तारापोरवाला मत्स्यालयात जडला. मरीन ड्राइव्हवरचं हे मत्स्यालय १९५१ साली उघडलं आणि तेव्हापासून शाळांच्या सहली तिथे रांगेत उभ्या राहू लागल्या. काळोखी वाट, उजळलेल्या काचा, काचेला नाक लावून उभी पोरं, आणि "हात लावू नका रे" म्हणणाऱ्या बाई. त्या काचांच्या मागे पाइप असतात, पंप असतात आणि त्या पंपांपाशी उकिडवा बसलेला एक भिजका माणूस असतो, हे आमच्या बाईंनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आज आमच्याकडे टपाल तिकिटांचा अल्बम असता.

तर आवाज. साडूंच्या त्या प्रश्नानंतर बायकोने मला निर्वाणीचं सांगितलं, "अहो, एक तर याचा आवाज बंद करा, नाहीतर टाकीवर बोर्ड लावा, 'बाथरूम रिकामं आहे.'" बोर्ड स्वस्त पडला असता. पण पुरुषाला पाइप दिसला की बोर्ड सुचत नाही.

मी अभ्यासाला लागलो. आवाजाचं कारण सरळ आहे. एकाच पाइपातून पाणी आणि हवा दोघंही खाली जाऊ बघतात आणि वाटेत भांडतात. पाइप पाण्याने पूर्ण भरलेला ठेवला, हवेला आत पाऊलच टाकू दिलं नाही, की भांडण मिटतं. पण पूर्ण भरलेला पाइप तुंबला तर वरची टाकी ओसंडणार, म्हणून शेजारी दुसरा पाइप केवळ आणीबाणीसाठी मोकळा ठेवायचा. माझ्या टाकीच्या त्या खणात दोन भोकं होतीच. एकातून पाणी खाली, दुसऱ्यातून पंपाचं पाणी वर. आता दोन्ही खाली उतरण्यासाठी वापरायची आणि वर येणारा पाइप टाकीच्या मागच्या काठावरून आत आणायचा, एवढाच बदल. कागदावर तो फार देखणा दिसत होता. या रचनांना त्या त्या शौकीन माणसांची नावं पडली आहेत, डर्सो, हर्बी, बीनॲनिमल. मी जेवताना म्हणालो, "मी हर्बी करायचं ठरवलंय. बीनॲनिमलला तीन भोकं लागतात."

मुलगी म्हणाली, "बाबा, प्लीज, आपण आधी जेवू या."

या छंदात उत्तर देऊन देऊन तोंड दुखतं असा आणखी एक प्रश्न आहे. आम्ही ठाण्यात राहतो. येणारा प्रत्येक जण विचारतो, "खारं पाणी विकत कशाला? खाडी आहे की इथे!" खाडीचं पाणी टाकीत ओतलं तर माझे मासे लेखी राजीनामा देतील, हे मी समजावून सांगतो. त्यावर, "मग आपलं साधं मीठ टाका." साध्या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम पुरेसं नसतं, प्रवाळाला ते लागतं, म्हणून समुद्राचं खास मीठ बादलीने येतं आणि लिटरला साधारण ३५ ग्रॅम मोजून कालवावं लागतं. टाकीत ३०० लिटर पाणी, म्हणजे साडेदहा किलो मीठ. ही बादली परदेशी बनावटीची. आमचं मूळ गाव वेंगुर्ल्याकडचं. त्यामुळे ती बादली घरात आली की आई हटकून म्हणते, "१९३० साली शिरोड्याला मिठासाठी लोक तुरुंगात गेले. आणि तू मीठ बोटीने मागवतोस." त्यानंतर ती माझं नाव न घेता देवाला नमस्कार करते.

मिठाचं एक वेळ परवडलं. पाइपाचं काम काढलं की हार्डवेअरचं दुकान गाठावं लागतं, आणि हार्डवेअरच्या दुकानात सुशिक्षित माणसाची जी अवस्था होते ती विवाह नोंदणी कचेरीतही होत नाही.

"एक इंची पाइप द्या."

"कुठला एक इंची?"

"एक इंच म्हणजे एक इंच."

दुकानदाराने गल्ल्यावरून पोराकडे पाहिलं. पोराने माझ्याकडे पाहिलं. दोघांनाही माझी दया आली असावी. पोराने तीन तुकडे काउंटरवर मांडले. पांढरा यूपीव्हीसी, पिवळसर सीपीव्हीसी, आणि करड्या रंगाचा शेतीचा. तिन्ही एक इंची. मी घरून व्हर्निअर नेला होता. तो खिशातून काढताच आजूबाजूची गिऱ्हाइकं जवळ सरकली. पांढरा बाहेरून ३३.४ मिलिमीटर, पिवळसर २८.६, शेतीचा ३२. इंच असतो २५.४ मिलिमीटरचा. म्हणजे काउंटरवर तीन एक इंच होते आणि त्यातला एकही एक इंच नव्हता, शिवाय एकाचा दुसऱ्याशी सोयरीक करायला नकार.

"असं कसं?" मी म्हणालो.

"असंच असतं," दुकानदार म्हणाला. या वाक्यावर देशातलं सगळं बांधकाम उभं आहे.

त्यात माझ्या टाकीच्या भोकातली फिटिंग बाहेरून आलेली. मी हातवारे करून तिचं वर्णन केलं, काचेच्या आरपार जाते, आत रबराची चकती, बाहेर मोठं नट. रांगेतल्या एका गृहस्थांनी सुचवलं, "काच काढून पत्र्याची टाकी करा, कटकट मिटेल." दुसरे म्हणाले, "तुम्ही एक कपलर, एक रिड्यूसर, एक एमटीए आणि एक एफटीए घ्या, काहीतरी होईलच." हे 'काहीतरी होईलच' वाले गृहस्थ महाराष्ट्रातल्या प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात उभे असतात. ते स्वतः काही विकत घेत नाहीत. मी त्यांचं सगळं ऐकलं आणि पिशवी भरून घरी आलो. बिल पाहून बायको म्हणाली, "मासे केवढ्याचे आहेत?" मी सांगितलं. ती पिशवीकडे बघत राहिली.

मग सोसायटीचे प्लंबरमामा आले. पिशवी खाली ठेवून त्यांनी सगळ्या टाकीला एक प्रदक्षिणा घातली, पाइपावर टिचकी मारली आणि डॉक्टर ज्या सुरात "जीभ बाहेर काढा" म्हणतात त्या सुरात म्हणाले, "मेन वॉल्व्ह कुठाय?"

"मेन वॉल्व्ह नाही."

"मग पाणी बंद कुठून करायचं?"

"करायचं नाही."

"टाकी रिकामी करा मग."

"करता येत नाही. प्रवाळ मरतं."

"मासे बाहेर काढून ठेवा तासभर."

"पकडता येत नाहीत, मामा. खडकात शिरून बसतात."

मामांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "म्हणजे चालू लाइनवर काम."

"हो."

"चालू लाइनचे पैसे वेगळे."

ठरलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कौतुकाने एक गेट वॉल्व्ह आणला. पितळी, जड, झळझळीत. पाइप पाण्याने काठोकाठ भरून ठेवायचा तर प्रवाह केसभर कमी-जास्त करणारा गेट वॉल्व्हच लागतो, आणि आपल्या बाजारात तो बहुधा पितळेचाच मिळतो. मी दोन पावलं मागे सरलो. "मामा, पितळ चालणार नाही. त्यातलं तांबं खाऱ्या पाण्यात सुटतं. कोळंबी मरेल, गोगलगायी मरतील."

"तांब्याने?" मामा हसले. "माझे वडील रोज सकाळी तांब्याच्या भांड्यातलं पाणी पितात. ब्याऐंशी वर्षांचे आहेत."

"ते कोळंबी नाहीत ना."

मामा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. वडिलांचा अपमान झाला की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं. प्लॅस्टिकचा गेट वॉल्व्ह मागवला, तो येईपर्यंत काम थांबलं, आणि तोवर मे महिना उजाडला.

मे महिन्यात चालू टाकीचं काम काढू नये, असं हा छंद असलेली सगळी माणसं सांगतात आणि सगळी मे महिन्यातच काढतात, कारण तेव्हाच सुट्टी असते. माझ्या टाकीतलं पाणी २६ अंशांवर ठेवलेलं. पंप थांबला की चिलर थांबतो, चिलर थांबला की बाहेरचा ठाण्याचा उन्हाळा टाकीत उतरू लागतो आणि प्रवाळ पांढरं पडायची भीती. यावर आपल्याकडचा सर्वमान्य उपाय म्हणजे पाण्याच्या बाटल्या बर्फ करून टाकीत तरंगत ठेवणे. त्यासाठी फ्रीझर लागतो. फ्रीझरमध्ये आमरसाचे डबे होते.

घरात यावर तातडीची बैठक झाली. डबे बाहेर काढले तर रस टिकणार नाही. वर्षभराचा रस. शेवटी तो संपवायचा असं ठरलं. कामाच्या दिवशी सकाळी नाश्त्याला आमरस, दुपारी जेवायला आमरस, मधल्या वेळेला आमरस. मामांच्या हातातही वाटी दिली. त्यांनी "एवढा?" म्हटलं, मग "थोडा चालेल" म्हटलं, मग वाटी पुढे केली.

बायकोने मध्येच विचारलं, "पूर्वी वीज नव्हती, पंप नव्हते, तेव्हा लोक कसे ठेवायचे हे सगळं?" माझ्या ज्ञानाला घरात क्वचितच मागणी येते, त्यामुळे मी पाइप खाली ठेवून बसलो. इंग्लंडात १८४६ साली ॲना थिन नावाच्या बाईने टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणलं आणि घरात जगवलं. पाण्यात हवा मिसळत राहावी म्हणून घरातली मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायची. रोज अर्धा-पाऊण तास.

भांडी घासता घासता आमच्या मावशींचा हात थांबला. "पगार किती होता तिला?"

मला ठाऊक नव्हतं.

"मी नाही हं ओतणार," मावशी म्हणाल्या. "आत्ताच सांगून ठेवते."

कामाला सुरुवात झाली. पंप बंद केला. वरच्या टाकीतलं पाणी कठड्याच्या पातळीला येऊन थांबलं, खण रिकामा झाला, पाणी हलतं ठेवायला छोटा पंखा टाकीत फिरत होता, बाटल्या तरंगत होत्या. इथवर सगळं पुस्तकाप्रमाणे. या टप्प्यावर घरातल्या प्रत्येकाला एकेक काम मिळालं. बायकोकडे जुने टॉवेल. मुलीकडे मोबाइलची बॅटरी, ती पाइप सोडून बाकी सगळ्यावर प्रकाश टाकत होती, कारण दुसऱ्या हाताने ती व्हिडिओ काढत होती. आईकडे समालोचन. माझ्याकडे थर्मामीटर आणि दर मिनिटाला आकडा मोठ्याने सांगणे. मामा काम करत होते.

आता सोल्युशनविषयी. पीव्हीसी जोडण्याचं हे द्रावण प्लॅस्टिकचा वरचा पापुद्रा विरघळवतं आणि दोन तुकड्यांचा एक तुकडा करून टाकतं. लावायचं, पाइप आत ढकलायचा, पाव फेरा फिरवायचा, थोडा वेळ दाबून धरायचा. बस्स. त्यानंतर ते सुटत नाही. कोर्टकचेरी करूनही सुटत नाही. मी आदल्या रात्री सगळी जोडणी कोरडी जुळवून, पेन्सिलीने खुणा करून, आकडे घालून ठेवली होती. पण कोरडा पाइप फिटिंगमध्ये अर्ध्यावर अडतो, सोल्युशन लागलं की सरकन तळाशी जातो. प्रत्येक सांध्यावर पाइप बोटभर आखूड झाला. खालून वर येईपर्यंत बेरीज होऊन शेवटचा एल्बो काठाच्या खालीच राहिला. त्याने टाकीत डोकवायचं तर तो टाकीच्या पाठीवर आदळत होता.

"कापा," मामा म्हणाले.

कापला. कपलर घातला. कपलर घातल्यावर तो जास्त उंच झाला. पुन्हा कापला. या गडबडीत एल्बो फिरवायचा तो पाव फेरा जरा जास्त झाला आणि एल्बो टीव्हीकडे तोंड करून कायमचा बसला. मामा आणि मी दोघंही दोन टोकांनी पिळत होतो, तेवढ्यात आई म्हणाली, "राहू दे रे, त्यालाही मालिका बघू दे." एल्बो कापून फेकला. नवा बसवताना त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक कपलर आला. प्रत्येक दुरुस्तीत दोन फिटिंग वाढत गेल्या आणि शेवटी पाइप फक्त फिटिंगमधल्या फटींतून दिसत होता. 'काहीतरी होईलच' वाल्या गृहस्थांनी घ्यायला लावलेलं सगळं लागलं. त्या माणसाला मी उगीच हसलो.

मग पाइपाचं टोक आतून बांधण्यासाठी मामांनी टाकीत हात घातला आणि ओरडून बाहेर काढला.

"साहेब! हा चावतो!"

"हा नाही, ही," मी म्हणालो. "दोघांत मोठी असते ती मादी. घरापाशी हात आणला की चावते."

"आणि हा दुसरा?"

"तो नर. तो काही बोलत नाही."

मामांनी बोट पाहिलं. रक्त वगैरे काही नव्हतं, तेवढे दातच नसतात त्यांना. पण मामांच्या चेहऱ्यावर व्यावसायिक दुःख होतं. आजवर ज्या टाक्यांमध्ये त्यांनी हात घातला त्यातली एकही उलटली नव्हती. मी त्यांचं मन रमवायला सांगितलं की ही मादी मेली तर हाच नर काही काळाने मादी होतो. मामांनी हातातला पाना खाली ठेवला. "म्हणजे बायको गेली की हा स्वतःच बायको होतो?"

"हो."

"आणि मग चावायला लागतो?"

"हो."

पुढची काही मिनिटं मामांनी आणि माझ्या बायकोने त्या नराकडे निरनिराळ्या कारणांनी पाहिलं.

सोल्युशनच्या डब्यावर सूचना होती की दाबाची लाइन चोवीस तास सुकू द्यावी. मामा म्हणाले, दहा मिनिटं. थर्मामीटर २९ म्हणत होता, बाटल्यांतला बर्फ वितळला होता, आमरस संपला होता. तासाभराने पंप चालू केला. पाइपाने एक ढेकर दिला, दोन खाकरे काढले, आणि आवाज जवळजवळ बंद झाला. अधूनमधून एक उचकी तेवढी उरली. गेट वॉल्व्ह थोडा दाबला की पाणी आणीबाणीच्या पाइपात चढायचं, थोडा सोडला की उचकी परत. ती मधली जागा कोणाला सापडेना. पण घरात बऱ्यापैकी शांतता झाली, इतकी की आई आतल्या खोलीत माझ्या मावशीला फोनवर माझ्याबद्दल काय सांगते ते शब्दन् शब्द ऐकू आलं.

"एकदा बंद करून बघू या का?" मामांनी विचारलं.

एवढ्या कष्टाने चालू झालेली गोष्ट मुद्दाम बंद करून बघणारा पुरुष मला अजून भेटायचा आहे.

ते काम रात्री वीजवाल्या मंडळींनी केलं. दिवे गेले. आता इथे थोडं शास्त्र आहे. पंप थांबला की वर येणारा पाइप उलटा वाहू लागतो, वरच्या टाकीतलं पाणी त्याच पाइपाने खाली खेचलं जातं, पाइपाचं तोंड पाण्याबाहेर उघडं पडेपर्यंत. हे थांबवायला त्या पाइपाला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली एक बारीक भोक पाडतात. पातळी जरा उतरली की भोकातून हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. मी भोक पाडलं होतं. योग्य जागी, योग्य मापाचं, मुलीचा व्हिडिओ साक्षीला आहे. फक्त संध्याकाळी कधीतरी एका गोगलगायीने फिरायला निघून नेमकी त्या भोकावर बैठक मारली होती. ३०० लिटरची टाकी, सगळा खडक, सगळी काच तिला मोकळी. पण तिला ती जागा आवडली.

टाकीतली पातळी एक सेंटिमीटर उतरली की सहा लिटर पाणी खाली येतं. हे गणित मी अंधारात, सम्पमधून बाहेर आलेल्या पाण्यात उभा राहून केलं. टॉवेल घातले. टॉवेल संपल्यावर चादरी घातल्या. बायकोने एक शब्द काढला नाही, तिच्या लेखी अपराधी कोण हे ठरलेलं होतं, आणि गोगलगायीवर फिर्याद दाखल करून घ्यायला ती तयार नव्हती.

तेवढ्यात दार वाजलं. खालच्या मजल्यावरचे काका. सरकारी पाणीपुरवठ्यात आयुष्य काढलेले, गल्लोगल्ली चावीवर फिरलेले, आता निवृत्त. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हाताचं बोट वर धरलेलं.

"हे छतातून टपकतंय," ते म्हणाले, "आणि हे खारट आहे."

"तुम्ही चाखलंत?"

"चाखल्याशिवाय लाइन कळत नाही. गोडं पाणी पाहिलं, गढूळ पाहिलं, नको ती पाणी पाहिली. खारं पाणी चौथ्या मजल्यावरून येताना पहिल्यांदा पाहतोय. समुद्राची पातळी वाढतेय म्हणतात, पण इतकी?"

मी त्यांना आत बोलावलं आणि गोगलगाय दाखवली. ते भांडायला आले होते, पण पाइप दिसल्यावर त्यांचा राग ओसरला. खाली वाकून त्यांनी सगळी जोडणी टॉर्चने वाचली. "हे कोणी केलं?" त्यांनी विचारलं. मी आणि बायको एकाच वेळी "मामांनी" म्हणालो. "हं," ते म्हणाले. "एवढ्या फिटिंगमध्ये मी एक वाडी जोडली असती."

दिवे आले, गोगलगाय उचलून खडकावर ठेवली, पंप सुरू झाला, उचकी सुरू झाली. काकांनी कोणाला न विचारता गेट वॉल्व्हवर हात ठेवला. डोळे मिटले. "पाव आटा," ते स्वतःशीच पुटपुटले. मग आणखी जरासा, दिसेल न दिसेल इतका. उचकी थांबली. पाइप जणू तिथे नव्हताच. आयुष्यभर अख्ख्या वस्त्यांचं पाणी सोडणाऱ्या त्या हाताला एक इंची वॉल्व्ह तो काय लागणार! मी त्यांना चहा विचारला, त्यांनी खुर्ची टाकीसमोर ओढली.

सकाळी मामा हिशेबाला आले. त्यांनी वहीच्या पानावर बिल लिहून आणलं होतं. मजुरी. सामान वरचं. चालू लाइन. मग 'मासा चावला' असं लिहून समोर एक रक्कम. सगळ्यात खाली 'आमरस वजा' आणि तिथे खरंच वजाबाकी केलेली. प्रामाणिक माणूस. मी मासा चावल्याच्या रकमेवर थोडी घासाघीस केली, पण बायकोने ती पूर्ण द्यायला लावली.

काका आता रोज संध्याकाळी येतात. त्यांच्या छतावर एक पांढुरका डाग राहिला आहे, रंगाचा खर्च मी देतो म्हणालो, पण त्यांना त्यात फारसा रस नाही. ते माशांकडे बघतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला नराची मादी कशी होते ते रंगवून सांगतात, गेट वॉल्व्हला माझा हात लागू देत नाहीत. परवा मी बोलता बोलता म्हणालो की खालच्या पाइपाला एक युनियन टाकली तर साफसफाईला सोपं जाईल, फार काम नाही. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारात उभी राहिली. काका मात्र शांत होते.

"ती मिठाची बादली," त्यांनी विचारलं, "केवढ्याला पडते रे?"

मी सांगितलं.

"बाप रे." ते थोडा वेळ मनात हिशेब करत राहिले. "मग काम काढशील त्याच्या आदल्या दिवशी मला सांग. मी खाली स्वच्छ बादली लावून ठेवतो."